आडवी रेघ, तिरकी रेघ

कुठल्याही छापील तक्त्यात आडवी रेघ दिसली की माझं बोट अजून तिथं थांबतं. बँकेत, दवाखान्यात, पोरीच्या शाळेच्या कागदावर. रांगेत मागचा माणूस म्हणतो, "ताई, चला की पुढं." मी चालते. पण तेवढ्यात मनात कर्णिक बाई विचारून गेलेल्या असतात, "ही रेघ कुणी ओढली हो, सुनंदाबाई? आणि का ओढली?"

बाई मला सुनंदाबाई म्हणत आणि अहो-जाहो करत. पहिले आठ दिवस मी त्यानंच घाबरलेली होते. आमच्याकडं, हिंगोलीच्या बाजूला, माझ्यासारखीला कुणी अहो म्हणायला लागलं की समजायचं, आता हे आपल्याला कामावरून काढणार. मग कळलं, बाई दूधवाल्यालाही अहो म्हणतात, कुरियरवाल्या पोरालाही. खिडकीतून येणाऱ्या बोक्यालासुद्धा. "अहो, खाली उतरा, ओटा आहे तो." आणि बोका खरंच उतरायचा.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहत. लिफ्ट नाही. लग्न केलं नव्हतं, सगळा जन्म कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर डोळ्यांच्या मधोमध अंधार आला. कडेचं दिसे, समोरचं नाही. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडं बघत, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारी भलतीकडंच बघून बोलते. त्यांची भाची नीलिमाताई ठाण्यात वर्तकनगरला राहतात, त्यांनी मला ठेवलं होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सोबत करायची, गोळ्या द्यायच्या, जिन्यानं उतरवायचं आणि चढवायचं.

"आणि मावशी काही वाचून मागेल, तेवढं वाचून द्यायचं," असं त्या जाता जाता म्हणाल्या होत्या. मला वाटलं, पेपर.

पहिल्याच दिवशी बाईंनी छापील तक्त्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. डावीकडं देशांची नावं, पुढं नुसते आकडे. "दुसरी ओळ वाचा." मी सातवीत शाळा सोडलेली. सगळा आकडा एकदम तोंडात येईना, म्हणून एकेक अंक वाचला. "सात. एक. टिंब. चार." म्हटलं, झालं, आता म्हणतील उद्यापासून नको.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "परत वाचा."

मी परत तसंच वाचलं.

"अहो, असंच वाचायचं असतं! माझे एमए झालेले विद्यार्थी आकडा वाचत नाहीत, ओळखतात. आणि ओळखलेला आकडा नेहमी आपल्याला हवा तोच निघतो."

असं माझं खरं काम सुरू झालं. जगातले देश दवाखान्यांवर, औषधांवर, डॉक्टर-नर्सांवर किती खर्च करतात, तिथली माणसं तंबाखू किती ओढतात, दारू किती पितात, चालतात किती, खातात काय, आणि शेवटी जगतात किती वर्षं. यात कशाचा हात किती, याचा अंदाज बाईंना काढायचा होता. मी एकदा नीलिमाताईंना फोनवर "बाई हिशेब करायल्यात" म्हटलं, तर बाईंनी आतून हाक मारली, "हिशेब नाही, अंदाज! हिशेब ऐकला की माणूस मान डोलावतो. अंदाज ऐकला की प्रश्न विचारतो."

तक्ते त्यांचे जुने विद्यार्थी गायकर सर छापून आणत. ठाण्याला कॉलेजात शिकवतात, घराणं इथलंच, पिढ्यान् पिढ्यांचं. मी तक्ते वाचायची, बाई सांगतील ते रुळाच्या वहीत एका ओळीत उतरवायची. खर्च या कागदावरून, तंबाखू त्या कागदावरून, वय तिसऱ्यावरून. गायकर सर म्हणायचे, "बाई, हे सगळं कम्प्युटरवर अर्ध्या तासात येतं."

"येतं ना. पण आकडा कानावरून गेला नाही तर तो माझा होत नाही."

देशांची नावं मला जड जात. बुर्किना फासोला मी बुरकीफासा म्हणायची. बाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही. त्याच म्हणायला लागल्या, "पुढे? बुरकीफासा झालं?"

डोळ्यांचं काम बाई बोटांनी करत. गणपतीच्या मखराचा एक जुना थर्माकोल त्यांच्याकडं होता, मागं सोनेरी कागद अजून चिकटलेला. त्यावर टाचण्या टोचायच्या. जेवढा खर्च जास्त तेवढी टाचणी उजवीकडं, जेवढं आयुष्य जास्त तेवढी वर. प्रत्येक देशाला एक टाचणी. मग सगळ्यांच्या मधून लोकरीचा धागा ताणायचा, तो त्यांची रेघ. बाई डोळे मिटून त्यावरून हात फिरवत, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ही पद्धत त्यांनी मला शिकवली ती मात्र त्यांच्याच बिल्डिंगवर. सोळा बिऱ्हाडं, सोळा टाचण्या. कोण कितव्या मजल्यावर राहतं आणि कुणाचे गुडघे किती दुखतात. मी घरोघरी विचारून आले. रेघ अशी छान तिरकी आली की बघत राहावं. वर राहणाऱ्यांचे गुडघे चांगले, तळमजल्यावरच्यांचे वाईट. ही बातमी सेक्रेटरी काकांना लागली. त्यांनी फळ्यावर लिहूनच टाकलं, जिने चढा, गुडघे वाचवा, आपल्याच सोसायटीचे संशोधन. तळमजल्यावरच्या काकू तणतणत वर आल्या. "कर्णिक बाई, मी काय आता रोज तुमच्याकडे चढून येऊ?"

बाई हसून हसून खोकायला लागल्या. "अहो बसा आधी. तुम्ही तळमजल्यावर घर का घेतलंत?"

"गुडघे दुखायचे म्हणून."

बाईंनी माझ्या कानाकडं बघितलं. "कळलं का, सुनंदाबाई? रेघ खरी होती. आपण ती उलट्या बाजूने वाचली."

मला ते पुढं फार उपयोगी पडलं. एखादा देश खर्च फार करतो आणि माणसं तरी आजारी, असं वाचलं की मी आपणच म्हणायची, "बाई, हा तळमजल्याचा देश असंल." आजारी आहेत म्हणून खर्च करत असतील. बाई एवढ्या खूश व्हायच्या की त्या दिवशी जिलबी. जिलबी हा त्यांचा गुन्हा होता. फडके रोडवरून आणायची, गरम, आणि नीलिमाताईंना सांगायचं नाही. मी एकदा विचारलं, "बाई, ही कुठल्या रकान्यात लिहायची?" तर म्हणाल्या, "ही आपण मोजलेली नाही." आणि बोटं चाटली.

वरणाची गोष्टही तशीच. खर्च वाढला की आयुष्य वाढतं, पण सारखंच वाढत जात नाही, हे मला समजेना. बाई म्हणाल्या, "वरणात मीठ नसेल तर पहिली चिमूट काय करते? आणि चौथी मूठ काय करते?"

गायकर सर तिथंच जेवायला बसले होते. "बाई, मिठाचं मला शिकवू नका. आमची मिठागरं होती."

"मग तुम्हाला इतकी वर्षं कसं समजलं नाही?" बाई म्हणाल्या. सरांनी मुकाट्यानं भात कालवला.

कधी सकाळी खिडकी उघडली की एमआयडीसीकडून तो वास यायचा. औषधासारखा, घशाला धरणारा. माझा नवरा तिथंच कामाला, त्यामुळं मला तो ओळखीचा. बाई खिडकीशी उभ्या राहून तो नाकात घेत आणि विचारत, "तक्त्यात याचा रकाना आहे?" मी सगळी पानं चाळायची. नसायचा. "नसतोच," म्हणायच्या, आणि खिडकी लावून घ्यायच्या.

मग ठाण्याचं व्याख्यान ठरलं. गायकर सरांच्या कॉलेजात, जुने विद्यार्थी, शिकवणारे लोक, सगळे येणार. बाईंचं ते शेवटचंच असणार, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं. कडेचंही दिसणं कमी होत चाललं होतं. घाई झाली. एरवी आधी थर्माकोल व्हायचा, मग वही सरांकडं जायची. त्या वेळी शेवटचे तक्ते मी मोठ्यानं न वाचताच वहीत उतरवले, आणि वही आधी गेली.

आठ दिवसांनी सर आले ते चप्पल न काढताच. "बाई, रेघ साफ झोपलीय. खर्चाचा जवळजवळ काही परिणामच दिसत नाही. सवयींचा दिसतो थोडाफार. खर्चाचा नाही."

"असं असेल तर असं सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. "आपल्याला आवडत नाही म्हणून आकडा बदलत नाही." पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मी म्हणाले, "बाई, हे खोटं हाय."

"काय खोटं?"

"दवाखान्यानं फरक पडत नाही, हे. माझी बहीण गोदावरी पहिल्या बाळंतपणात गेली. गावात उपकेंद्र हाय, बोर्ड हाय, आत नर्स नाही, कुलूप. तालुक्याला नेस्तोवर वाटंत गेली. तिला काही सवय नव्हती बाई. ना तंबाखू ना काही. एक नर्स पायजे होती."

बाई त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "सुनंदाबाई, तुमची बहीण ही एक टाचणी आहे. एका टाचणीवरून रेघ ओढता येत नाही."

मी भाजी घेऊन आत गेले. नळ सोडून रडले. पाच वाजता न सांगता निघाले. आंबिवलीच्या खोलीवर नवरा म्हणाला, "उद्या नको जाऊ. दुसरं काम बघू." मला तेही नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला अहो म्हणून काही शिकवलं होतं, ते मी सोडून द्यायला तयार नव्हते.

सकाळी नऊला गेले तर बाई दारातच उभ्या. केस विंचरलेले नाहीत. हातात थर्माकोल.

"एका टाचणीवरून रेघ ओढता येत नाही, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ओढलेली रेघ चुकली असेल, असं एक टाचणी सांगू शकते. हे मला काल सुचायला हवं होतं. टोचायला घ्या."

दोन दिवस आम्ही टोचत होतो. ज्या देशात तंबाखू कमी त्यांना गोल डोक्याची टाचणी, जास्त असेल तर चपटी, म्हणजे बाईंना बोटानं कळावं. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. बाईंनी पदराला हात पुसले आणि उजवीकडून डावीकडं हात फिरवत आल्या. अगदी डाव्या कडेला बोट थांबलं. खाली गेलं. वर गेलं. परत खाली.

"सुनंदाबाई, ही भिंत कसली?"

मी बघितलं. डाव्या कडेला, खर्च शून्य, तिथं टाचण्यांची उभी रांगच रांग. काही खाली, काही पार वर.

"हे शून्यवाले देश हायत, बाई."

"शून्य? दवाखान्यावर शून्य खर्च करणारा देश नसतो. तक्ता आणा. काय छापलंय तिथे, जसं आहे तसं सांगा."

मी तक्ता आणला. "रेघ हाय. आडवी."

"आणि तुम्ही शून्य का लिहिलंत?"

मी खरं ते सांगितलं. गावाकडं आमच्या रेशनकार्डावर साखरेच्या, रॉकेलच्या रकान्यात दुकानदार आडवी रेघ मारायचा. रेघ म्हणजे या महिन्यात काही मिळालं नाही. शून्य. मी लहानपणापासून रेघ तशीच वाचत आले. त्यात मला कधी चूक वाटली नाही, म्हणून विचारलंही नाही. तिथं छोटी छोटी बेटं होती, माणसं चांगली जगणारी. लढाईत सापडलेले देश होते. ते सगळे मी शून्यावर नेऊन उभे केले होते, आणि त्यांच्या भारानं बाईंची रेघ आडवी झाली होती.

मी म्हणाले, "बाई, मी सातवीपातूर शिकलेली हाय. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी उद्यापासून येत नाही."

बाईंनी माझा हात चाचपला आणि धरला. त्यांची बोटं टाचण्यांनी भोकं पडून खरखरीत झाली होती.

"रेशनकार्डावरची रेघ म्हणजे मिळालं नाही. बरोबर वाचत होतात तुम्ही. इथली रेघ म्हणजे कुणी मोजलं नाही. दोन्ही रेघा दिसायला सारख्याच, यात तुमचा दोष नाही. विचारायला हवं होतं ते मी. बोट न फिरवता वही पाठवली ती मी." मग थांबून म्हणाल्या, "आणि सातवीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नीलिमाने सांगितलं होतं."

त्या रांगेतल्या टाचण्या आम्ही एकेक करून उपटल्या. बाईंनी लोकर टाचण्यांच्या आधारानं परत ताणली. मी दुसरं टोक धरलं होतं. धागा डाव्या बाजूला एकदम चढला आणि मग उजवीकडं जाता जाता सावकाश सपाट झाला, वरणातल्या मिठासारखा. चपट्या टाचण्या बहुतेक धाग्याच्या खाली. बाईंनी त्या चढावरून बोट दोनदा वर नेलं.

नीलिमाताईंना कळल्यावर त्या मला ऐकू येईल अशा बेतानंच म्हणाल्या, "मावशी, आपण कुणी शिकलेली बघू या. एवढं मोठं व्याख्यान आहे."

"शिकलेलीने ती रेघ बघितलीच नसती," बाई म्हणाल्या. "तिने ओळखली असती. आणि चहा टाका, नीलिमा." भाचीलासुद्धा अहो म्हणत त्या, रागावल्या की.

ठाण्याच्या हॉलमध्ये थर्माकोल धरून मी त्यांच्या शेजारी उभी होते. बाई म्हणाल्या, "ही रेघ मी दोनदा ओढली. पहिल्यांदा चुकीची ओढली, कारण मला घाई झाली होती." मी खाली मान घालून वाट बघत होते, आता माझं नाव येईल. आलं नाही.

शेवटी एका सुटातल्या माणसानं विचारलं, "ज्या देशांची माहितीच नाही, त्यांचं काय केलंत? सरासरी घातलीत की गाळलेत?"

"गाळले. दुसरं माझ्या हातात नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण त्यामुळे ही रेघ फक्त मोजलेल्या माणसांची आहे. ज्यांच्याकडे मोजायलासुद्धा कुणी गेलं नाही, त्यांच्याबद्दल ती काही बोलत नाही. आणि बहुधा तिथेच सगळ्यात जास्त बोलण्यासारखं असेल. सुनंदाबाई, गाळलेल्यांची नावं वाचा."

मी वाचली. सगळी. माझ्या उच्चारांनी. मागच्या बाकांवर लोक चुळबुळ करायला लागले, कुणी हसलं, गायकर सर घड्याळ बघत होते. बाई हात बांधून, मान थोडी वाकडी करून, एखाद्या शोकसभेत उभं राहावं तशा उभ्या होत्या. यादी संपेपर्यंत त्यांनी मला थांबवलं नाही.

त्यानंतर वर्षभरात डोंबिवलीचं घर बंद झालं आणि बाई वर्तकनगरला नीलिमाताईंकडं गेल्या. मला दुसऱ्या घरी सोबतीचं काम मिळालं. जायचं जायचं म्हणत मी एका रविवारी दुपारी गेले, डब्यात जिलबी घेऊन. बाई फार बारीक झाल्या होत्या. आता कडेचंही दिसत नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदाच त्या सरळ माझ्याकडं तोंड करून बोलल्या. मुलीचं विचारलं. "कितवीत?" म्हटलं, "आठवीत गेली." बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या पुढे गेली," आणि खूप वेळ हसत राहिल्या. थर्माकोल त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून होता. लोकर मळली होती. नीलिमाताई म्हणाल्या, "फेकू देत नाही गं. धूळ खातोय नुसता."

निघाले, खाली गेटपर्यंत आले आणि लक्षात आलं, डबा राहिला. माझी सवय, सारखं काहीतरी राहिलं असं वाटत असतं. त्या दिवशी खरंच राहिलं होतं. परत वर गेले. दार ओढून घेतलेलं, नुसतं लोटलेलं. आत गेले तर बाई थर्माकोल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टाचण्यांकडं त्यांचा हात नव्हता. डाव्या कडेला, जिथून आम्ही त्या उपटल्या होत्या, तिथं नुसती भोकं राहिलेली. त्या भोकांवरून बोट एकेक करत खालून वर जात होतं आणि ओठ हलत होते. त्या नावं म्हणत होत्या. गाळलेल्या देशांची, मी वाचली होती त्याच क्रमानं, माझ्याच चुकीच्या उच्चारांनी.

मी उंबऱ्यातच थांबले. शेवटचं भोक झालं. यादी तिथं संपत होती, मला पाठ होती. बाईंचं बोट मात्र आणखी थोडं वर सरकलं, जिथं भोक नव्हतं, नुसता गुळगुळीत पांढरा थर्माकोल होता. तिथं त्यांनी नख रुतवून हलकेच एक खूण केली.

"गोदावरी," त्या म्हणाल्या.

हे नाव मी त्यांच्यापुढं एकदाच घेतलं होतं, भाजी निवडताना, रागात.

मी डबा तिथंच राहू दिला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.